कोयता कुठल्या हातात होता?

केस निकाली निघते, फाईल दप्तरात जाते, पक्षकार दुसऱ्या दिवशी रस्त्यात ओळखसुद्धा देत नाही. किस्सा मात्र बार रूममध्येच मुक्काम ठोकतो! रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करायला लागून मला बरीच वर्षं झाली. आमच्या बार रूममध्ये खुर्च्या कमी आणि किस्से जास्त. पुकारा व्हायची वाट बघत बसायचं, चहा मागवायचा, की कोणीतरी सुरू करतंच, "अरे, ते ऐकलंस काय?"

गेल्या वर्षी मात्र मी हे किस्से जरा जास्तच कान देऊन ऐकत होते. त्याला कारण माझा अशील सुरेश, वेळणेश्वरचा टेम्पोवाला. जयगडच्या रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी एका गाडीनं महादेव नावाच्या चिरेखाणीवरच्या कामगाराला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. महादेव जागीच गेला. आरोप सुरेशवर. तो म्हणत होता, "मॅडम, मी तेव्हा फेरीबोटीवर होतो, खाडीच्या मधोमध." पण बघणाऱ्या सगळ्यांना पांढरा टेम्पो दिसला होता आणि सुरेशचा टेम्पो पांढरा. तो आत गेला असता तर बायको आणि दोन मुली उघड्यावर. माझी झोप उडाली होती.

*

साक्षीदारांचा विषय निघाला की पहिला मान दामले साहेबांचा. आमच्यातले सगळ्यात सिनियर. उलटतपासणीत आवाज इतका गोड, की साक्षीदाराला वाटावं आपली जावई म्हणून चौकशी चालली आहे!

आंब्याच्या बागेच्या बांधावरून दोन भावकींत मारामारी झाली होती. साहेब आरोपीकडून उभे. समोर साक्षीला फिर्यादीचाच चुलतभाऊ. त्याच्या जबाबात ढकलाढकल होती, शिव्या होत्या, हत्याराचं नाव नव्हतं. साहेबांनी चष्मा पुसत सहज विचारलं, "कोयता फिर्यादीच्या उजव्या हातात होता की डाव्या?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठेपर्यंत साक्षीदार विचार करून मोकळा झाला होता. "डाव्या!"

झालं, फिर्यादीच्याच हातात कोयता आला. आरोपी सुटला.

हसण्यासारखं आहे, पण पुढे ऐका. काही महिन्यांनी तो साक्षीदार साहेबांना बाजारात भेटला. बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, कोयत्याची मूठ शिसवी होती बगा. एक टवका उडालेला होता. तेवढां सांगायचां राहिला."

हा किस्सा सांगताना साहेब इथपर्यंत हसत असतात. मग चहाचा कप खाली ठेवतात. "मूठ मी विचारली नव्हती गो," म्हणतात.

*

यावर मुकादम वकिलांचा किस्सा ठरलेला. त्यांचे निम्मे नातेवाईक मच्छीमार, त्यामुळे बंदरावरची प्रत्येक भानगड त्यांच्याकडे येते.

एकदा धक्क्याजवळ एक ट्रॉलर दुसऱ्याला लागला. माणसाला काही झालं नाही, फळ्या फुटल्या. विम्याचा माणूस चौकशीला आला. पुण्याकडचा, हुशार, घाईत! धक्क्यावर दिसेल त्याला त्यानं एकच प्रश्न विचारला, "बोट आपटल्यावर तांडेल काय ओरडला?"

तांडेल म्हणजे बोट चालवणारा मुख्य खलाशी. एकानं सांगितलं, "दोर सोडा, असा ओरडला." दुसरा म्हणाला, "नाय, मागं घ्या म्हणाला." तिसऱ्यानं तर त्या आवाजाची नक्कल करून दाखवली. दोन माणसं ओरडण्यावरून भांडायला लागली.

मुकादमांनी चौकशी केली, तर तांडेल त्या दिवशी बोटीवर नव्हताच! तापानं फणफणून घरी पडला होता. बोट त्याचा मेहुणा चालवत होता आणि मेहुण्याच्या तोंडून भीतीनं शब्द फुटला नव्हता.

मुकादम तांडेलाकडे गेले. म्हणाले, "चाचा, लोक काय काय सांगतायत बघा." चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बरोबर आहे. दोर सोडा, असंच ओरडलो मी."

"अहो, तुम्ही घरी होतात!"

"घरीच होतो. पण ओरडलो मीच."

*

माणसांचं सोडा. आमच्याकडे देवालाही प्रश्न नीट विचारावा लागतो.

संगमेश्वरकडच्या एका गावात म्हाताऱ्या आजींच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. पोलिसांत जायच्या आधी देवाला कौल लावायचा, ही रीत. देवाच्या अंगावर दोन बाजूंना कळ्या लावतात, प्रश्न विचारतात आणि उजवी पडते की डावी ते बघत बसतात. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, पाटल्या शेजाऱ्यान नेल्यान की पाव्हण्यान? शेजारी असंल तर उजवी दे."

उजवी पडली. शेजाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. आजींना तर आठवायलाच लागलं. पाणंदीतून तो जाताना त्यांना दिसला होता, पंच्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं, त्यातून किणकिण येत होती. शेजारी अब्रूनुकसानीसाठी दामले साहेबांकडे आला.

केस उभी राहायच्या आतच पाटल्या भाताच्या कणगीत सापडल्या! आजींनीच ठेवल्या होत्या. गावानं गुरवाला धारेवर धरलं. गुरव काय म्हणाला माहिती आहे? "देव काय करील? मी दोन नावा दिली, त्यान त्यातला एक दिलान. तिसरी वाट मी ठेवलीच नव्हती!"

साहेब समझोत्याला गेले. आजींना म्हणाले, "आता शेजाऱ्याची माफी मागा." आजींच्या हातात त्याच पाटल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माफी मागतंय. पाटल्या गावल्या ता खरां. पण त्याला नेताना मी बगितला, ता पण खरां."

*

हे सगळं ऐकून मी सुरेशच्या केसला उभी राहिले. माझ्या लक्षात आलं होतं की पहिल्या दिवशी तिथल्या चहाच्या टपरीवरच्या साक्षीदार मावशी फक्त "गाडी" म्हणाल्या होत्या. मग तपासाला आलेल्या हवालदारांनी विचारलं असणार, "पांढरा टेम्पो कुठल्या बाजूला पळाला?" तिथून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पांढरा टेम्पो!

माझी तयारी जय्यत होती. मावशींना विचारलं, "गाडी पांढरी होती, हे तुमच्याशी सर्वात आधी कोण बोललं?"

मावशींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आता तुम्हीच बोललात की!"

अख्खं कोर्ट हसलं. मला हसू आलं नाही. मावशी खोटं बोलत नव्हत्या. त्यांना मनापासून टेम्पो दिसत होता.

*

पण खरी भीती मला वाटली ती सुरेशची. अटकेत असताना त्याला एकच प्रश्न रोज विचारला गेला होता, "धडक दिल्यावर तू खाली उतरलास की नाय?" सुरुवातीला तो सांगायचा, "मी तिथं नव्हतोच." मग कंटाळून म्हणायला लागला, "नाय उतरलो."

तो जामिनावर होता. त्याचा जबाब व्हायच्या आदल्या आठवड्यात माझ्या ऑफिसात बसला होता. खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी उतरलो होतो वाटतं."

"सुरेश, तू फेरीबोटीवर होतास!"

"होतो ना. वडापाव खाल्ला. ताही आठवतां." मग म्हणाला, "पण त्याची एक चप्पल गटारात पडलेली. तीपण आठवता."

हे तो कोर्टात बोलला असता तर ब्रह्मदेवही त्याला वाचवू शकला नसता. त्याला वाचवलं त्याच्या बायकोनं. ती रोज जेटीवर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिली, "त्या दिवशी बोटीत तुम्ही कोणाला बगितलात?" नाव नाही, रंग नाही, काही नाही. शेवटी वेळणेश्वरला पुन्हा मुक्कामाला आलेल्या एका पुण्याच्या कुटुंबानं मोबाईल उघडला. सूर्यास्ताचा व्हिडिओ, पुढे नाचणारी पोरं आणि मागे टेम्पोला टेकून वडापाव खाणारा सुरेश. वेळ तीच. ते कुटुंब साक्षीलाही आलं.

सुरेश निर्दोष सुटला. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

*

आता शेवटचा. हा आम्ही नवीन वकिलांना सांगत नाही.

निकालानंतर काही दिवसांनी सुरेश पेढे घेऊन बार रूममध्ये आला. पोलिसांनी झडती घेऊन, धुंडाळून परत दिलेला टेम्पो खाली आवारात उभा केला होता. दामले साहेब होते, मुकादम होते. पेढा तोंडात घालणार, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. महादेवची बायको.

"तुमच्यावर राग नाय," त्या सुरेशला म्हणाल्या. "तुम्ही सुटलात, बरा झाला. येवढाच सांगा. जाताना त्याला पाणी दिलंत ना?"

मी घाईघाईनं मध्ये पडले. "ताई, हे तिथे नव्हतेच. कोर्टात सिद्ध झालंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. सुरेशनं पेढ्याचा बॉक्स टेबलावर ठेवला. "दिला ना वहिनी. घोटभर घेतलान. मग मान टाकलान."

बाईंनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा निवला.

दामले साहेबांनी हळूच विचारलं, "कशातून दिलंस रे?"

"त्याच्याच बाटलीतून. स्टीलची होती. झाकणाला लाल दोरा बांधलेला."

अख्ख्या केसमध्ये बाटली नव्हती. ना जबाबात, ना पंचनाम्यात, ना कोणाच्या प्रश्नात. मी सगळी फाईल पाठ केली होती.

बाई बाकावर बसल्या. "दोरा मीच बांधलेला," त्या म्हणाल्या. "खाणीवर बाटल्यांची अदलाबदल होते म्हणून. मी किती शोधली. कुठं हाय ती?"

"गाडीत हाय, सीटखाली," सुरेश म्हणाला. "थांबा, देतो."

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि जिना उतरायला लागला. बाई त्याच्या मागोमाग गेल्या.

बार रूमच्या खिडकीतून आवार दिसतं. दामले साहेब उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.