चर्चच्या दारातल्या चपला

“चपला काढल्यात बघ हिच्या सासूबाईंनी! देऊळ वाटलं की काय?” शेजारच्या वैदेहीवहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

आज जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या घरी केलरमध्ये, म्हणजे तळघरात, बॅग आणायला उतरले, तर ओल्या दगडाचा वास आला आणि सीमेपलीकडचं, फ्रान्समधल्या खेड्यातलं ते जुनं चर्च आठवलं.

सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, पुण्याहून पहिल्यांदाच आल्या होत्या. आम्ही वहिनींच्या गाडीतून फिरत होतो. सकाळी तळ्याकाठी वहिनींनी आईंच्या नऊवारीला नावं ठेवली, तेव्हा मी गप्प बसले. इंग्लिश मीडियमची म्हणून माझ्या मराठीलाही त्या हसायच्या.

चर्चच्या गार फरशीवर आई अनवाणी, हात जोडून उभ्या होत्या.

“घालायला सांग गं त्यांना. लोक बघतायत, लाज वाटते,” वहिनी मला म्हणाल्या.

बघत कोणीच नव्हतं. पण आईंनी ऐकलं. त्यांचे हात खाली आले, त्या दाराकडे वळल्या. आता पुढचा किल्ला, तळी, काहीच बघायला त्या गाडीतून उतरणार नाहीत, हे मला कळलं.

तेव्हा वाटलं होतं, मी उद्धटपणा करतेय. आता वाटतं, उशीरच केला. आईंचा दंड धरून मी म्हणाले,

“वहिनी, लाज वाटत असेल तर तुम्ही बाहेर थांबा. आईंचा नमस्कार अजून व्हायचाय.”