एका पावलाची बारा चित्रं

गंगावहिनींचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या घरी मेथी निवडत बसले होते. वहिनी सहसा फोन करत नाहीत. केलाच तर आधी ‘जेवलात का’ विचारतात, मग कामाचं. त्या दिवशी जेवणाचं विचारलंच नाही. म्हणाल्या, “बाई, सर गेले. चहा घेतला, बशी खाली ठिवली, चष्मा पुसला... आन तशीच मान टाकली बघा.” मग म्हणाल्या, “चहा समदा पिऊन गेले.” बिराजदार सरांच्या जाण्याची बातमी त्यांच्या बायकोहून बरी कुणी देऊ शकलं नसतं. बशीतला चहा अर्धा टाकून उठणं या माणसाला जन्मात जमलं नाही. मला रडू आलं आणि रडतारडता हसूही आलं. आता सहा आठवडे झाले, पण सरांची आठवण आली की अजूनही दोन्ही बरोबरच येतं.

परंड्याच्या शाळेत आम्ही बावीस वर्षं एकत्र काढली. ते चित्रकलेचे, मी मराठीची. मी रुजू झाले त्या दिवशी हा माणूस स्टाफरूमच्या खिडकीतून आमच्या शिपायाच्या चालण्याकडे टक लावून बघत होता आणि बोटांवर काहीतरी मोजत होता. मनात म्हटलं, बिचाऱ्याचं डोकं जरा... पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर कागदांचा एक छोटा गठ्ठा धरला. मी आपली पुस्तकासारखी वरून एकेक पान उलटायला लागले. “बाई, वरनं न्हाय, खालनं,” सर घाईघाईनं म्हणाले. “पयलं चित्र कायम तळाला. त्याच्यावर कागद ठिवूनच दुसरं काढायचं असतंय. म्हणून बघायचं पण खालनं वर.” त्यांनी गठ्ठ्याच्या तळाशी अंगठा लावला, पानं सर्रकन सोडली, आणि कागदावरचा आमचा शिपाई एका हातानं पायजमा सावरत घंटेकडे निघाला. त्याच्या एका पावलाला बारा चित्रं लागली होती. मी पहिलीतल्या पोरीसारखी ‘परत, परत’ म्हणत राहिले आणि त्या दिवशीचा माझा तास चुकला.

सर मूळचे उमरग्याकडचे. घरात कन्नड, दाराबाहेर मराठी. लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा आणि मुख्य सिनेमाच्या आधी पाच-सात मिनिटांचं एखादं परदेशी कार्टून लावायचे. लोक तेवढ्या वेळात शेंगा घेऊन येत. हे मात्र कार्टूनसाठीच जायचे आणि सिनेमा सुरू झाला की उठून घरी यायचे. नोकरी लागल्यावर त्यांनी टीव्ही आणि कॅसेटचा प्लेअर घेतला, आणि काय करावं? टीव्हीच्या काचेवर बटर पेपर चिकटवायचा, चित्र थांबवायचं आणि पेन्सिलीनं उतरवून घ्यायचं. मग एक चित्र पुढं, पुन्हा थांबवायचं. थांबलेलं चित्र थरथरायचं, त्यामुळं सुट्टीच्या दिवसांत त्यांचे डोळे लालेलाल. एकदा मी घरी गेले तर उंबऱ्यातूनच ओरडले, “बाई, हे बघा, ह्याला तीन नाकं हायती!” मान झटकन वळवणाऱ्या एका कार्टूनच्या चेहऱ्याला चित्रकारानं मधल्या एका चित्रात खरोखरच तीन नाकं काढली होती. पडद्यावर ते चित्र आलं कधी, गेलं कधी, कळत नाही. नाकं दिसत नाहीत, वेग दिसतो. “फसिवलंय आपल्याला,” सर म्हणाले, “पण किती मायेनं!” सापडलेल्या चोरीचा इतका आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

कार्टूनच्या साऱ्या इतिहासाला त्यांनी घरगुती नावं देऊन टाकली होती आणि वार्षिक परीक्षा संपली की मोकळ्या तासाला मुलांना तो इतिहास फळ्यावर काढून दाखवायचे. सगळ्यात जुनी ती शेवया पद्धत. हातापायांना कोपर नाही, गुडघा नाही, सगळं शेवयांसारखं लवलवणार, आणि खुर्च्या-टेबलंसुद्धा गाण्याच्या ठेक्यावर डुलणार. त्यानंतर आली लाडू पद्धत. गोल गोळ्यांवर अंग बांधायचं. प्राणी आपटला की चपटा, उडाला की लांब, पण आतला ऐवज तेवढाच राहिला पाहिजे, नाहीतर फुगा वाटतो. या गोलाईचा कंटाळा आलेल्या तरुण चित्रकारांनी पुढं पत्र्यातून कापल्यासारखी सपाट, कोनाकोनाची माणसं काढली, ती पत्रा पद्धत. आणि टीव्हीला दर आठवड्याला नवा माल लागायला लागला तेव्हा काटकसर पद्धत. अंग गप्प, तोंड तेवढं हलतंय, आणि धावणाऱ्याच्या मागून तेच झाड पाचव्यांदा चाललंय. बारा चित्रांचं पाऊल चारावर आलं. मी नाक मुरडलं तर सरांनी मलाच दटावलं, “चार चित्रात हसवणं सोपं वाटलं व्हय तुमाला? आवाज अन् थांबणं साधावं लागतंय.” कम्प्युटरवाल्यांची बाहुली पद्धत आली तेव्हा वाटलं होतं, आता हे चिडतील. पण तीही त्यांना आवडली. आवडायचं नाही असं त्यांना काही सापडतच नसे, आणि माझ्यासारख्या खोडकाढू बाईला याचा कधीकधी रागही यायचा.

त्या रागातच मी एकदा विचारलं, “सगळ्यांच्या पद्धती तुमच्या हातात आहेत सर, पण तुमची स्वतःची कोणती?” सहज चिमटा काढला होता. पण सरांचा खडू हातातच राहिला. फळ्याकडं बघतच म्हणाले, “माजी अजून यायचीय...” तेव्हा ते पंचेचाळीसच्या पुढं होते. मला फार वाईट वाटलं. बोलले नसते तर बरं झालं असतं.

त्याच सुमारास त्यांनी फिल्म करायला घेतली. गोष्ट एवढीच की एक शेळी घरातून निघते आणि गाव ओलांडून बाजारापर्यंत जाते. प्रत्येक वळणावर तिची पद्धत बदलते. अंगणात ती शेवयांची, वेशीपाशी लाडवाची, किल्ल्याजवळ पत्र्याची. चित्रासमोर बसायला मॉडेल घरचंच होतं, वहिनींची मल्ली. आपल्याकडची असते तशी काळीकुळकुळीत, लोंबत्या कानांवर पांढरे ठिपके. वहिनींच्या माहेराहून आलेली, त्यामुळं तिला मराठी कळायचं नाही. ‘ये ये’ म्हणून घसा कोरडा केला तरी ढिम्म, आणि वहिनींनी कन्नडमध्ये नुसतं ‘बा’ म्हटलं की हजर. पिल्लू असताना फाटकात अडकून तिचा मागचा डावा पाय अधू झाला होता, ती जराशी झुकत चालायची. सरांच्या चित्रातली शेळी मात्र ठणठणीत. वहिनी चित्र बघून म्हणायच्या, “ही माजी मल्ली न्हायच. हिचा पाय चांगला हाय.” सर समजावायचे की ठेका बिघडतो. वहिनी म्हणायच्या, “मग बिघडू द्या की.”

आणि मग ते घडलं. लाडू पद्धतीच्या पूर्ण चालीचा गठ्ठा, दोन महिन्यांचं काम, सरांनी शाई सुकायला म्हणून ओसरीवर पसरून ठेवला आणि आंघोळीला गेले. परत येऊन बघतात तर मल्ली स्वतःचीच चित्रं शांतपणे चघळत उभी. शेवटचं तेवढं तोंडातून लोंबत होतं. कधी आवाज न चढवणाऱ्या या माणसानं त्या दिवशी दावं सोडलं, शेळी आठवडी बाजारात नेली आणि विकून टाकली. संध्याकाळी वहिनी शेतावरून आल्या तेव्हा खुंटा रिकामा होता. त्यांनी एवढंच म्हटलं, “चितरातली गावभर हिंडवता, आन माजी तेवढी इकून आलात.” मग पंधरा दिवस अबोला. पुढच्या बाजाराला सर तिला परत आणायला गेले, त्याच्या पुढच्याही गेले. कुर्डुवाडीच्या बसजवळ, टेम्पोंजवळ, हरेक माणसाला विचारलं. कानावर ठिपके असलेल्या काळ्या शेळ्या त्या बाजारात शेकड्यांनी, त्यातली लंगडी कुणाकडं गेली हे कोण सांगणार? मल्ली काही मिळाली नाही. वहिनी पुढं बोलायला लागल्या, पण त्या दिवसापासून सरांच्या एकाही कागदाकडं त्यांनी पाहिलं नाही. शेळ्याही पुन्हा पाळल्या नाहीत.

खाल्लेली चित्रं सरांनी पुन्हा काढली. सर आणि मी एकाच वर्षी निवृत्त झालो, मी लेकीकडे धाराशिवला आले, ते काढतच राहिले. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानं सगळी चित्रं मोबाईलवर टिपून जोडून दिली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात फिल्म पडद्यावर लागली. मी मुद्दाम गेले होते. शेळी अंगणातून लवलवत निघाली, वेशीवर टुणटुणली, किल्ल्याजवळ कोनाकोनाची झाली, रस्त्याला लागल्यावर तेच बाभळीचं झाड तिच्यामागून सहा वेळा गेलं आणि पोरं हसून हसून आडवी झाली. मग बाजाराच्या तोंडाशी ती थांबली, तिनं मागं वळून पाहिलं आणि पडदा पांढरा झाला. “पुढं? सर, पुढं?” पोरांनी गिल्ला केला. “पुढचं काढतोय,” सर म्हणाले. वहिनी आल्या नव्हत्या. मी घरी जाऊन विचारलं तर म्हणाल्या, “शेळी घरी आली की सांगा. मग यीन.”

गेल्या आठवड्यात मी परंड्याला जाऊन आले. सरांची खोली होती तशीच होती, टीव्हीच्या काचेच्या कडेला चिकटपट्टीचे पिवळे डाग. वहिनींनी बुटांचा एक खोका माझ्यासमोर ठेवला. त्यात शेवटचा गठ्ठा होता. त्यावर नंबर नव्हते. “मी बघितलं,” वहिनी खाली बघत म्हणाल्या. “इतक्या वर्सांनी उघडलं. दारात उभी हाय मल्ली... आन पाय मागं मागं टाकत लांब जाती. घराकडं तोंड करून जाती, बाई. जाताजाता तेवढं दावून गेले मला.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. एक महिना ही बाई हे मनात घेऊन एकटी बसली होती.

मग माझ्या लक्षात आलं. “वहिनी, तुम्ही वरून बघितलंत का?” त्या म्हणाल्या, “मग कुठनं बघत्यात?” मी गठ्ठा हातात घेतला, पालथ्या हातानं डोळे पुसले आणि सरांनी शिकवलं होतं तसा तळाशी अंगठा लावला. पानं सोडली. लांबच्या रस्त्यावर काळा ठिपका उगवला. ठिपक्याला कान फुटले. ती शेळी ना शेवयांची होती ना लाडवाची, मला माहीत असलेल्या कुठल्याच पद्धतीची नव्हती. मोजक्या, जराशा थरथरत्या रेषा, आणि मागचा डावा पाय टेकला की सगळं अंग झुकायचं, ठेका चुकायचा. त्या चुकणाऱ्या ठेक्यानं ती वेशीतून, गल्लीतून चालत आली. उंबऱ्यापाशी येऊन तिनं मान वर केली तेव्हा तिच्या तोंडातून कागदाचा एक तुकडा लोंबत होता. इतक्या वर्षांपूर्वीच्या माझ्या आगाऊ प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं, आणि ते द्यायला सर नव्हते याचं मला त्या क्षणी फारसं दुःखही झालं नाही.

वहिनींनी शेवटच्या चित्रातल्या त्या तुकड्यावर बोट ठेवलं. मग पदरानं तोंड पुसून हसल्या. “कागुद खाल्ल्याबिगर कशी यील ती...” गठ्ठा त्यांनी माझ्याकडून काढून घेतला, मांडीवर नीट ठोकून सरळ केला आणि अंगठा अगदी तळाला नेऊन ठेवला. पानं सोडायच्या आधी त्या हळूच म्हणाल्या, “बा.”