काठ खाली होता

पोस्टिंगचा हुकूम आला तेव्हा कंपनीत ठाणे जिल्ह्याचे आम्ही दोघंच होतो. मी हवालदार, मुरबाड तालुक्यातला. दुसरा शिपाई जनू, शहापूर तालुक्यातला, खर्डीजवळच्या एका पाड्यावरचा. तालुक्याला तालुका लागून, त्यामुळे भांडायची चांगली सोय होती. मुरबाडला रेल्वे नाही यावरून तो मला रोज छळायचा. मी म्हणायचो, तुमचं धरण उशाला आणि कोरड घशाला, आधी ते बघ.

पोस्ट बर्फात, फार उंचावर होती. पहाटे बर्फ वितळवून चहा, मग रेडिओ चेक, तंबूभोवतीचा बर्फ उपसणं, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. पेट्रोलला सगळे एका दोरावर. जनू माझा बडी, म्हणजे जोडीदार होता, दोरावर माझ्या पुढे. थोड्या थोड्या वेळाने बडीला बोलतं करायचं असा नियम होता. मी विचारायचो, "कोण?" तो नाव सांगायचा. "गाव?" विचारलं की म्हणायचा, "खर्डी. स्टेशन हाय आमच्याकडं."

लोक मला विचारतात, वर श्वास कोंडतो का? धाप लागते, पण ती सगळ्यांनाच लागते आणि तिची सवय होते. खरा घात वेगळा. जेवण चुकलं तर पोट ओरडतं, पाय मुरगळला तर घोटा ओरडतो. मेंदूला प्राणवायू कमी पडला तर कोणी ओरडत नाही, कारण तक्रार करायचं काम मेंदूचंच. माणूस उलट खुशीत येतो. थंडी वाजेनाशी होते, सगळं सोपं वाटू लागतं. चोराच्याच हाती किल्ल्या दिल्यासारखं आहे ते.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर वारा सुटला. मी विचारलं, "कोण?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. जनू वळला. चेहऱ्यावर हसू होतं. एक ग्लोव्ह त्याने काढून टाकला होता.

"खर्डी आली," तो म्हणाला. "उतरू या."

आमची रोजचीच थट्टा, पण त्याचा उघडा हात कंबरेच्या हुकाकडे गेला होता. तो दोर सोडत होता. डावीकडे दरी होती. मी दोर ओढून त्याला खाली पाडलं आणि अंगावर बसलो. तो चिडला नाही. माझी गाडी चुकेल एवढंच म्हणत राहिला.

त्याला प्राणवायूचा सिलिंडर लावला. रेडिओवर बेसला सांगितलं, "एक कॅज्युअल्टी. हेली पाठवा. ओव्हर."

"हेली नाही. हवा खराब. खाली आणा, लवकर. ओव्हर."

वर गेल्याने जे होतं त्याला खाली उतरणं हेच औषध. आम्ही स्ट्रेचर ओढत निघालो. आधी त्याची शुद्ध गेली. मग सिलिंडर संपला. दुसरा घेऊन खालून जवानांची पार्टी निघाली होती. ती आमच्यापर्यंत पोचली तेव्हा जनू गेला होता. मी रडलो. बर्फात रडू नये, डोळे चिकटतात, हे मीच सगळ्यांना शिकवत असे.

तिरंग्यातून तो खर्डीला गेला. बंदुका झाल्या, भाषणं झाली. मी तेव्हा वरच होतो. रजा मिळाल्यावर उन्हाळ्यात मुरबाडहून शहापूरमार्गे पाड्यावर गेलो. जनूची आई, ठकूमावशी, अंगणात विकायला पळसाची पानं गठ्ठ्यात लावत बसली होती. तिने पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "लय तरास झाला का रं त्याला?"

मी म्हणालो, नाही मावशी. हसत होता.

ती पुन्हा पानं लावू लागली. हे तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, साहेबांनी, पुढाऱ्यांनी. मेलेल्याच्या आईला हेच सांगतात. माझं खरं होतं, पण खोट्यासारखंच वाजलं. मला फार वाईट वाटलं. मग मी तिला सगळं सांगितलं. ग्लोव्ह, हूक, आणि खर्डी आली म्हणाला तेही.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मंग खरा सांगतोस तू."

ती म्हणाली, लग्न होऊन आली त्या साली पाड्याच्या विहिरीचा गाळ काढताना ती खाली उतरली होती. पाणी उपसायचं इंजिन आतल्या कट्ट्यावर चालू होतं, त्याचा धूर तळाला बसला. तिला काहीच कळलं नाही. माहेरच्या ओट्यावर बसल्यासारखं गोड वाटत होतं. वर नवऱ्याच्या हातात दोर होता. ती भलतंच बोलू लागली तशी न विचारता त्याने ओढलं. वर आल्यावर तिने त्याला शिव्या घातल्या होत्या.

"मला वढणारा व्हता," ती म्हणाली. "जनूला कोन व्हता?"

"मी होतो, मावशी. ओढला."

"मंग?"

"विहिरीचा काठ वर असतो. आमचा काठ खाली होता. फार खाली."

तिने मान हलवली. मग पदर तोंडाला लावून रडली. पाड्यावरच्या बायका सांगत होत्या, अंत्यविधीला ती रडली नव्हती.

आता मी रिटायर आहे. पावसाआधी त्या विहिरीचा गाळ निघतो तेव्हा दरवर्षी जातो. इंजिन आता बाहेर असतं, तरी उतरणाऱ्याच्या कंबरेला दोर लागतोच. तो मी धरतो. शेजारी ठकूमावशी बसते. खालच्याने काय उत्तर द्यायचं हे तिने ठरवून दिलंय.

मी वरून विचारतो, "कोण?"

खालून आवाज येतो, "जनू."

उत्तराला जरा उशीर झाला की मी ओढतो.