चावीवाल्यांनी परमुलखात पाणी बंद केलं

"येतंय का अजून?"

"येतंय की."

"गरम पण?"

"गरम पण, गार पण. मघापासून नळ सोडून उभी आहे, धार बारीकसुद्धा होईना."

"मग भरून घे. जाईल."

"कशात भरू? तुमच्या टोपीत?"

चावीवाले पलंगाच्या काठावर बसले होते, बुटासकट. परदेशात उतरून दोन तास झाले होते. लॉजच्या खोलीत गालिचा होता, पडदे होते, भिंतीवर कुणीतरी रागारागाने काढल्यासारखं एक चित्र होतं. त्यातलं काही त्यांना दिसत नव्हतं. कान सगळा न्हाणीकडे.

गावात पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे एकोणतीस वर्षं होतं. पहाटे चारला सायकल काढायची, खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी घ्यायची, आणि गल्लोगल्लीची झाकणं उघडून व्हॉल्व्ह फिरवत सुटायचं. वरच्या आळीला पाऊण तास, खालच्या आळीला पाऊण तास, तेही एक दिवसाआड. नळ कोरडा राहिला की बाया देवाला सोडत, सरकारला सोडत, आणि चावीवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरत. त्यांचं खरं नाव मतदारयादीत तेवढं उरलं होतं. बायकोलाही गाव चावीवालीणच म्हणे, आणि ती ओ देई.

लेक तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात नोकरीला. तिनेच हा घाट घातला. "बाबा, आठ दिवसांत गाव तहानेने मरत नाही," म्हणाली. चावीवाल्यांना ते तितकंसं पटलं नव्हतं. विमानात बसेपर्यंत ते बदलीच्या माणसाला फोनवर फेरे समजावत होते.

शेवटी चावीवालिणीने चहाचे कप भरले, कचऱ्याचा डबा विसळून भरला, आणि माणूस निजेल एवढा न्हाणीतला पांढरा टब काठोकाठ भरला. मगच दोघं आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी हिंडायला बाहेर पडली, तर चावीवाल्यांची मान वर ती वरच. लोक इमारतींची नक्षी बघत होते, हे छपरं बघत होते.

"अगं, टाकी नाही."

"कुठली टाकी?"

"कुठलीच नाही. एवढी घरं, एका छपरावर टाकी म्हणून नाही!"

पुढच्या चौकात एक गाडी फवारे मारत रस्ता धूत चालली होती. रस्ता! ज्यावरून माणसं बूट घालून जातात तो! चावीवाले जवळच्या बाकावर मटकन बसले. चावीवालिणीला वाटलं, ऊन लागलं.

"पण मग इथं पाणी सोडतं कोण?"

"कोणी सोडत नसेल. आपोआप येत असेल."

"आपोआप केस पांढरे होतात. पाणी येत नाही."

दिवसभर त्यांनी तीन कारंजी बघितली आणि तिन्हीकडे पाठ करून उभे राहिले. बायकोने फोटो काढले. सगळ्यांत त्यांचं तोंड सुतकात बसल्यासारखं आलं.

तिसऱ्या दिवशी सवयीने उजाडायच्या आधीच जाग आली. बायको घोरत होती. चावीवाले खाली उतरले आणि लॉजच्या मागच्या गल्लीत शिरले. तिथे भिंतीतून आलेल्या पाइपातून मनगटाएवढी धार गटारात पडत होती. त्यांनी ओंजळ धरली, चव घेतली. पिण्याचं पाणी! गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

'परक्याचा मुलूख आहे, हात खिशात ठेव,' असं त्यांनी स्वतःला बजावलं. हात खिशात गेलेही. पण शेजारीच लोखंडी झाकण अर्धवट सरकलेलं होतं, आणि आत व्हॉल्व्हचं चाक दिसत होतं. दहा मिनिटं ते तिथे घुटमळले. दहा मिनिटांत त्या धारेत खालच्या आळीची चार घरं भरली असती. मग ते गुडघ्यावर बसले आणि चाक फिरवलं. धार बारीक झाली, करंगळीएवढी झाली, तुटली. जाताना त्यांनी झाकण नीट बसवलं. उघडं राहिलं तर कुणाचा तरी पाय जायचा. वर येऊन ते असे गाढ झोपले, जसे घर सोडल्यापासून झोपले नव्हते.

"अहो, उठा! पाणी गेलं!"

चावीवालिणीचा आवाज आनंदाने फाटला होता. "तरी तुम्ही म्हणत होता भरून घे! बघा, पाणी इथलंही जातंच! मी टबातल्या पाण्याने आंघोळ उरकली पण."

चावीवाले ताडकन उठून बसले. "कधी गेलं?"

"मला काय माहीत? बाहेर बघा तरी."

चावीवाल्यांनी दार उघडलं. बोळभर माणसं, कमरेला पंचे. एक धिप्पाड गृहस्थ डोक्यापासून पायापर्यंत फेसाने माखून, डोळे मिटून भिंत चाचपत चालले होते. एक बाई तोंडात दात घासायचा ब्रश धरून बोलत होत्या आणि प्रत्येक शब्दागणिक फुगे उडत होते. आख्खं लॉज कोरडं. म्हणजे ते चाक नुसत्या त्या पाइपाचं नव्हतं. सगळ्या इमारतीचा गळाच त्यांनी आवळला होता.

खाली टेबलापाशी मॅनेजर एका पिकल्या मिशीच्या माणसावर ओरडत होता. निळा डगला, खिशात नट आवळायचे पाने, म्हणजे लॉजचा प्लंबरच. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण हातवारे चावीवाल्यांना तोंडपाठ होते. प्लंबर मागच्या गल्लीकडे बोट दाखवत होता: गंज धुऊन निघावा म्हणून पाइप वाहता ठेवला होता, पाणी चालू होतं, मी काही केलं नाही. मॅनेजरने ऐकून घेतलं नाही. हात पुढे केला. प्लंबरने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला.

चावीवालिणीने नवऱ्याची बाही धरली. नवऱ्याचं तोंड बघूनच तिला सगळा उलगडा झाला होता.

"तुम्हीच ना?"

"मीच."

"गप बसा. पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहेत. आत टाकतील."

"अगं, त्याचं काम जाईल."

"तो त्यांच्या गावचा आहे. बघेल त्याचं तो."

"शिव्या माझ्या आहेत, आणि खातोय तो."

त्यांनी बाही सोडवली आणि लेकीला फोन लावला.

"बाबा? एवढ्या सकाळी? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. इथल्या मॅनेजरला सांग, पाणी मी बंद केलं."

 "बाबा, कुठलं पाणी?"

"लॉजचं. वाया जात होतं."

"परदेशात जाऊन तुम्ही पाणी बंद केलंत?"

"मग इथून आपल्या गावचं कसं बंद करू?"

फोन मॅनेजरच्या कानाला गेला. मॅनेजर ऐकत होता. एकदा फोनकडे बघे, एकदा चावीवाल्यांकडे, आणि पुन्हा विचारून खात्री करून घेई. त्याने प्लंबरला दोन वाक्यं सांगितली. प्लंबर वळला आणि सरळ चालत आला. आता कानफटात बसणार म्हणून चावीवाल्यांनी दात आवळले. प्लंबरने त्यांच्या नाकासमोर एकच शब्द उच्चारला. अर्थ कळला नाही, पण गावात रोज ऐकतो त्यातलाच असावा. मॅनेजरने किल्ल्या परत सरकवल्या. त्या ओढून घेऊन प्लंबर मागच्या दाराने सुटला. त्याच्या मागे चावीवाले, आणि पायऱ्यांपर्यंत पोचलेला चावीवालिणीचा ओरडा, "आता आणखी कशाला हात लावू नका!"

प्लंबरने झाकण भिरकावलं, चाक धरलं आणि गरागरा फिरवायला लागला.

"अहो, थांबा!" चावीवाल्यांनी त्याचं मनगट पकडलं.

रिकाम्या पाइपात पाणी एकदम घुसलं की हवा कोंडते आणि नेमका जुना सांधा फुटतो. वरच्या आळीत असाच एकदा फुटून पिठाच्या गिरणीत पाणी शिरलं होतं आणि आठ दिवस लोक कणीक घरी नेत होते. पण हे सांगायचं कसं? त्यांनी गाल फुगवले, भिंतीवरच्या गंजक्या पाइपावर बोट ठेवलं आणि गालावर थापट मारून हवा सोडली. फट्!

प्लंबर त्यांच्याकडे बघत राहिला. मग पाइपाकडे. मग त्याने चाकावरचा हात काढला.

चावीवाले गुडघ्यावर बसले. चाक मागे घेतलं, दोन फेरे सोडले, थांबले, पाइपाला कान लावला. आत घुरघुर. आणखी अर्धा फेरा. वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ चावीवालिणीचा.

"आलं नाही हो!"

"आत्ता कुठलं येतंय? हवा निघू दे!"

"नळ नुसता खोकतोय!"

"खोकू दे. थुंकला की सांग!" म्हणाले, आणि त्यांनी चाकाला आणखी अर्धा फेरा दिला.