मॅडमना ड्रायव्हर वाचून दाखवताना

हिंजवडीत मी ज्या कंपनीत लागलो, ती रक्त तपासायची यंत्रं बनवायची. यंत्राच्या पोटात एक कार्ड असतं आणि त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसलेला असतो. बाकीच्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हरमध्ये झाली तर अख्खं यंत्र ठप्प होतं. तो ड्रायव्हर मॅडम सांभाळायच्या.

मॅडम पन्नाशीच्या होत्या. कित्येक पिढ्या पुण्यात राहिलेलं मुसलमान घर. वडिलांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून शाळेत असतानाच त्यांच्या हातात सोल्डरिंगची कांडी आली होती. मराठी इतकं धारदार, की माझ्यासारख्या यवतमाळकडच्या माणसाची बोलताना जीभ अडखळायची. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय चाललंय आपलं?" मी म्हणालो, "कोड वाचून राहिलो, मॅडम." त्या म्हणाल्या, "वाचा. आणि वाचून झालं की राहणार कुठे, तेही बघून ठेवा."

मी तेव्हा सदाशिव पेठेत एका खोलीत तिघांबरोबर राहत होतो. ते सांगितल्यावर त्या हसल्या आणि त्या दिवसापासून मला अरे-तुरे करायला लागल्या.

काम त्यांनीच शिकवलं. प्रोग्रॅमला कार्डाकडून काही करून घ्यायचं असेल, म्हणजे पंप सुरू कर, दिव्याचा उजेड वाढव, तर तो ड्रायव्हरला एक कंट्रोल कॉल करतो. हुकमाचा क्रमांक देतो आणि स्वतःच्या मेमरीतला एक पत्ता देतो: बाकीचं तिथून घे. मॅडम म्हणायच्या, "क्रमांक आपल्या ओळखीचा नसेल तर तिथूनच परत पाठवायचा. पत्त्यावर तर विश्वास ठेवायचाच नाही. तो कर्नलच्याच मेमरीचा पत्ता देईल आणि तू भोळ्यासारखा तिथे लिहून येशील."

"मुद्दाम कोण देईल, मॅडम?"

"मुद्दाम देणारे असतात. पण चुकून देणारे जास्त."

त्यांना काचबिंदू आहे हे आम्हाला उशिरा कळलं. या आजारात नजर कडेकडून जाते. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं नाहीसं होतं. त्या खुर्च्यांना धडकायला लागल्या, शेजारी ठेवलेला चहाचा कप हाताने पाडायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, मॅडम हल्ली धांदरट झाल्या. मग एकदा जिन्याची शेवटची पायरी चुकून त्या पडल्या आणि मी त्यांना रिक्षातून डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी मलाच नातेवाईक समजून सांगितलं, की आहे तेवढी नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही. रिक्षात परत येताना मॅडम म्हणाल्या, "मला हे आधीच माहीत होतं. तुझं तोंड बघून वाटलं, तुलाच झालाय."

नंतर पडद्यावरच्या ओळीही त्यांना तुटक दिसायला लागल्या. रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला आलेला कोड मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. मीटिंगच्या खोलीत त्या डोळे मिटून बसायच्या, बोटं टेबलावर. एका दुपारी दुसऱ्या टीमकडून आलेला एक तुकडा वाचत होतो. सगळ्यांनी तो आधीच पास केला होता.

"थांब," त्या म्हणाल्या. "लांबी तू दोनदा वाचलीस."

मी ओळीवर बोट ठेवून पाहिलं. "मी नाही मॅडम, कोडमध्येच दोनदा आहे. आधी येणाऱ्या माहितीची फक्त लांबी आणली आहे, ती मर्यादेत आहे का ते तपासलं आहे. मग माहितीचं सगळं पाकीट आणलं आहे, त्यात लांबी पुन्हा आली आहे."

"आणि पुढे कुठली वापरली आहे?"

"दुसरी."

"झालं तर मग." त्यांनी डोळे उघडले. "तपासली एक आणि वापरली दुसरी. मधल्या क्षणात प्रोग्रॅमच्या त्याच वेळी चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडने आकडा बदलला तर? आपण लहान समजून दार उघडलं आणि आत हत्ती आला. बाहेरचं एकदाच आत आणायचं. आत आलेली प्रत तपासायची आणि तीच वापरायची. पुन्हा बाहेर जाऊन बघायचं नाही."

मी तसं मुद्दाम करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. काही वेळ काहीच झालं नाही आणि मग प्रयोगशाळेतलं यंत्र पडदा निळा करून मेलं. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. त्या इतक्या मनापासून हसल्या, की बाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. पुढे त्या मला त्या ऑफिसात तशा हसताना दिसल्या नाहीत.

त्यांनी कंपनीकडे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मागितलं होतं. सिक्युरिटीवाल्यांची परवानगी लवकर येईना. आली, तर रिव्ह्यूच्या पानावर ते सॉफ्टवेअर मुकं. त्या नेटाने शिकत होत्या. एकदा मला म्हणाल्या, "हे मला कंस उघडला, कंस बंद झाला एवढं व्यवस्थित सांगतं. मध्ये काय घडलं ते ऐकेपर्यंत पुढे गेलेलं असतं. पण येईल. वेळ लागेल." वेळ त्यांना मिळाला नाही. मॅनेजरने बोलावून सांगितलं, तुमच्या सोयीसाठी तुम्हाला डॉक्युमेंटेशनला हलवतो आहोत. मॅडम म्हणाल्या, "माझी सोय आपण मला विचारली असती, तर मीच सांगितली असती." आणि पुढच्या आठवड्यात राजीनामा दिला.

त्या नाना पेठेत अम्मींबरोबर राहायच्या. मी रविवारी सकाळी खोलीवरून चालत जायला लागलो. कंपनीचा कोड बाहेर नेता येत नाही, म्हणून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले असलेले ड्रायव्हर वाचायचो. अम्मी चहा आणायच्या आणि पोथी ऐकावी तशा शांत बसायच्या. मधूनच मॅडम हात वर करायच्या आणि मी थांबायचो. अम्मी लगेच विचारायच्या, "काय, चुकलं का त्याचं?" मॅडम म्हणायच्या, "चुकलं, अम्मी. न तपासता आत घेतलं." अम्मी मान हलवायच्या, जणू मोहल्ल्यातल्याच कुणाची गोष्ट.

पावसाळा संपता संपता नजर जवळजवळ संपली. खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं. एका रविवारी मी लॅपटॉप उघडला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आज नको."

"बरं. पुढच्या वेळी वाचू."

"पुढच्या वेळीही नको. तू वाचायचास ना, तेव्हा मला ते पान दिसायचं. ओळ कुठे आत सरकली आहे, कुठे मोकळी जागा सोडली आहे, सगळं. आता नुसता तुझा आवाज ऐकू येतो."

मी म्हणालो, अंध माणसं जगभर कोड लिहितात, मी माहिती काढली आहे.

"माहीत आहे. त्यातल्या दोघांशी मी फोनवर बोलले. छान काम करतात. मी पण केलं असतं, कुणी थोडं थांबलं असतं तर. आता दमले रे."

अम्मी कप तसेच ठेवून आत गेल्या.

मी जात राहिलो, पण नुसत्या गप्पा मारायला. गावाकडचं सांगायचो, हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या घालायचो. त्यांच्या जागी ड्रायव्हर आता मी बघत होतो. ईदला गेलो तेव्हा एक कॉल मला खरंच अडवत होता. यंत्राची केबल अचानक काढली आणि कॉल अर्धवट असला, तर त्याने धरून ठेवलेली मेमरी कुणी मोकळी करायची? यंत्र कधीमधी त्यामुळेच ठप्प होत होतं. राहवलं नाही, विचारलं.

मॅडमचा चेहरा क्षणभर माझ्याकडे वळला. मग त्या म्हणाल्या, "आठवत नाही आता."

असा प्रश्न आठवणीचा नसतो, विचार करून सोडवायचा असतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी वाटीच्या काठाशी बोट धरून मला शीरखुर्मा वाढला, एक थेंब सांडला नाही. "गोड झालाय का बघ," म्हणाल्या. मी झालाय म्हणालो. मला चव कळली नव्हती.

केबलचा तो दोष काही दिवसांनी माझा मलाच सापडला. दुरुस्त केला, टीमने शाबासकी दिली. मॅडमना सांगायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला.