आबांचा फोटो आणि रद्द झालेलं विमान

मंडळी, आज विमान कंपनीने भरपाई दिली, आणि ती मिळवली आमच्या आबांनी!

आबा म्हणजे माझे वडील. मळवलीत पर्यटकांना भाड्याने देतात ते बंगले सांभाळतात. पाहुणे येण्याआधी टीव्ही, काचा, नळ, सगळ्याचे फोटो काढून ठेवतात, म्हणजे नंतर वाद नको. मी त्यांना हसायचो.

गेल्या महिन्यात त्यांचं आयुष्यातलं पहिलं विमान ऐनवेळी रद्द झालं. मी काउंटरवर तावातावाने भांडत होतो. आबा शांतपणे 'तांत्रिक बिघाड' लिहिलेल्या बोर्डाचा फोटो काढत होते.

भरपाई मागितली तर कंपनी म्हणते, हवामान खराब होतं, त्याची भरपाई मिळत नाही! मी आबांनी काढलेला बोर्डाचा फोटो पाठवला. आज पैसे जमा.

"आता परत तिकीट काड," आबा म्हणाले. "बसायच्या आदी सीटचा बी फोटो घेतो."

सांगा, आता हसायची माझी हिंमत आहे का?