शेंदूर खरवडणारे मास्तर

दगडमास्तर रागावल्याशिवाय कुणाला काही दाखवत नसत. रविवारी सकाळी मोरा बंदराच्या धक्क्यावर मुंबईहून लाँचने दहा-बारा माणसं त्यांच्या वारसाफेरीसाठी उतरायची. कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, इथे बघण्यासारखं काय आहे?" मास्तर म्हणायचे, "डोळे आणलेत ना? मग मला कशाला विचारता?" आणि मागे न बघता चालू लागायचे.

उरणच्या शाळेत त्यांनी इतिहास शिकवला होता. निवृत्तीनंतर पडक्या तटबंद्या, जुनी तळी, बांधावरचे कोरीव दगड लोकांना फुकट दाखवत हिंडायचे. ‘दगडमास्तर’ हे नाव शाळेतल्या मुलांनीच ठेवलेलं. मी तेव्हा एका दैनिकाचा उरणचा वार्ताहर होतो, फेरीला बऱ्याचदा असायचो. रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर अंगावर यायचे. मास्तर छत्री आडवी धरून ते थांबवायचे आणि सगळे पार होईपर्यंत हलायचे नाहीत. ड्रायव्हर शिव्या द्यायचे. "काश्मीर बघून आलेल्याला स्वतःच्या गावची वेस दाखवता येत नाही," ते त्या आवाजातच सांगायचे. "त्याला मी आंधळा म्हणतो."

त्यांचा सर्वांत जास्त राग शेंदरावर होता. द्रोणागिरीच्या बाजूला, एका गावाच्या जुन्या मिठागराच्या बांधावर कमरेएवढा दगड उभा होता. गावातल्या बायका त्याला देव मानून तेल-शेंदूर लावायच्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचा थर विटेएवढा जाड झाला होता. मास्तरांनी कडेचा एक टवका काढला तेव्हा आत अक्षर दिसलं. तो गधेगाळ होता. दान दिलेली जमीन जो हिसकावेल त्याला गाढवाची शिवी, असा राजाज्ञेचा दगड.

चांगुणाबाई त्या देवाचं सगळं बघायच्या. गावात त्यांचा शब्द मोडत नसत. मास्तर दोन वर्षं त्यांच्या ओटीवर जाऊन भांडले. "चांगुणाबाई, हा देव नाही, राजाचा हुकूम आहे!"

"मास्तर, तुमी अक्षरां बगता, आमी देव बगतो. पुसलाव तर मंग ह्याला कोन वलखंल?"

"मी ओळखेन. सरकार ओळखेल."

"सरकार आमाला वलखीत नाय, दगडाला वलखंल?" ओटीवरच्या बायका हसल्या. पण अखेर चांगुणाबाईंनी होकार दिला. मास्तर होते म्हणून दिला.

शेंदूर खरवडायला तीन रविवार लागले. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव. मास्तरांनी शेवटची ओळ मोठ्याने दोनदा वाचली. मी बातमी दिली: ‘अंधश्रद्धेच्या थरातून शिलालेखाची मुक्तता’. मथळा माझाच होता.

त्यानंतर बांधावर बायका येईनाशा झाल्या. देव गेला, आता तिथे काय आहे? त्यांनी वेशीजवळ दुसरा साधा दगड मांडून त्याला शेंदूर लावला. मास्तरांनी दगडाच्या नोंदीसाठी अर्ज केले. उत्तर एका ओळीचं आलं: सदर वस्तू संरक्षित यादीत नाही. पुढच्या उन्हाळ्यात गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या भरावात तो दगड गेला. वेशीजवळच्या दगडाला वळसा घालून तोच रस्ता पुढे गेला.

आम्ही पोचलो तेव्हा रोलर फिरत होता. कामावरचा मुकादम मराठवाड्याकडचा, शांत माणूस होता. "साहेब, शेंदूर असता तर पोरांनी हात लावला नसता. देवाला कोण हात लावतंय? आम्हाला नुसता दगड दिसला."

मास्तर त्याच्यावर ओरडले नाहीत. माझ्याकडे वळले. "ऐकलंस? ह्याला शेंदूर वाचता येतो. आपण दोघांनी मिळून तो पुसला. मी हाताने, तू पेपरात." मग ते तसेच चांगुणाबाईंच्या दारात गेले. मी अंगणात थांबलो. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "बसा मास्तर. पानी घ्या." ते बसले नाहीत.

वारसाफेरी बंद झाली. तरी मास्तर एकटे हिंडत राहिले. एकदा मला बोलावून घेऊन गेले. नव्या रस्त्याच्या आखणीत, चुन्याच्या रेघेवरच एक वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, उभा होता. ढाल-तलवार घेतलेला योद्धा, त्याचं नाकसुद्धा शाबूत. इतका सुरेख वीरगळ मी त्या भागात पाहिला नव्हता. मास्तरांनी पिशवीतून तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी काढली. आयुष्यभर ज्याला अडाणीपणा म्हटलं तेच ते दात-ओठ खात करत होते. आधी तलवार गेली, मग चेहरा. "दिसला नाही तरी चालेल मला," ते म्हणाले. "राहू दे मेला."

मास्तर गेल्या वर्षी गेले. रस्ता झाला आहे, पण त्या जागी तो दोन हात सरकला आहे. डंपरवाले वेग कमी करतात, नारळ ठेवतात. दगडाचं मोजमाप, वर्णन, जागा, सगळं माझ्या वहीत आहे. त्याची बातमी मी दिलेली नाही.